प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे

बारावीचे निकाल लागले की ‘विमान देखभाल अभियंता व्हा’ अशा जाहिराती मध्यमवर्गीय घरांत शिरतात. मुलाची जिद्द पाहून आई दागिने पुढे करते आणि वडील बँकेची पायरी चढतात. मात्र या क्षेत्रात संस्थेचे प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. त्यासाठी विषयवार परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात आणि प्रत्यक्ष विमानावरील कामाचा विहित अनुभवही लागतो. दुरुस्तीनंतर विमान उड्डाणासाठी सोडण्याची स्वाक्षरी परवानाधारकच करतो. त्या स्वाक्षरीवर शेकडो प्राण विसंबून असतात; तेव्हा ही कठोरता योग्यच होय.

अडचण आहे ती हिशेबाची. शैक्षणिक कर्जाचे हप्ते परवान्याची वाट पाहत थांबत नाहीत. म्हणून शुल्क भरण्यापूर्वीच पालकांनी विचारावे : संस्थेची ‘सीएआर-१४७’ मान्यता आज वैध आहे काय? ती यांत्रिक कामाच्या बी-१ गटासाठी आहे, की एव्हिऑनिक्सच्या बी-२ गटासाठी? प्रत्यक्ष काम कोणाच्या हँगरमध्ये मिळणार? मागील तुकडीतील किती जणांच्या हाती परवाना आला? मान्यतेचा पडताळा महासंचालनालयाकडूनच घ्यावा. संस्थेच्या माहितीपुस्तिकेवर विसंबू नये.

पांढरपेशा घरातील मुलगा हाती पाना घेऊ इच्छितो, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. त्याच्या पाठीवर हात अवश्य ठेवावा. परंतु दागिने गहाण पडण्यापूर्वी या प्रश्नांची लेखी उत्तरे मिळवावीत.