‘हनुक्का’ की ‘चानुका’?

एकाच ज्यू सणाचे नाव मराठीत हनुक्का, हनुका, खानुका, चानुका असे लिहिले जाते. आरंभीच्या हिब्रू अक्षराचा घशातला उच्चार देवनागरीत नेमका उतरत नाही. म्हणून ‘ह’ आणि ‘ख’ दोन्ही क्षम्य. ‘चानुका’ ही मात्र इंग्रजी स्पेलिंगची आंधळी नक्कल होय.

कोकणातील बेने इस्राएलांच्या जुन्या परंपरेत हा सण नव्हता. योम किप्पुरला ते ‘दरफाळणीचा सण’ म्हणत, पुरीमला ‘होळीचा सण’. कृतज्ञतेसाठी एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा होई, आजही होतो. त्यातले पोहे-नारळ रत्नागिरीच्या प्रत्येक घरातले. वाद घालावा तो या मराठी नावांच्या जपणुकीसाठी. चुकलेले अक्षर सुधारता येते. विस्मृतीत गेलेला शब्द सहसा परतत नाही.