धाडस की हिशेब?

मुंबईच्या आरोही पंडित हिने मे 2019 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, एका चिमुकल्या विमानातून एकटीने अटलांटिक महासागर ओलांडला. ‘केवढे हे धाडस!’ असे आपण म्हणतो. मला मात्र त्यामागच्या हिशेबाचे कौतुक अधिक वाटते. स्कॉटलंडहून निघून आइसलंड, ग्रीनलंड असे टप्पे घेत ती कॅनडाला पोचली. असे टप्पे आधी ठरवावे लागतात. इंधन जास्त घ्यावे तर वजन वाढते, कमी घ्यावे तर समोरच्या वाऱ्यात ते पुरत नाही. कोठून पुढे परत फिरता येणार नाही, तेही जमिनीवरच काढून ठेवायचे. हवा बिघडली तर मुकाट्याने थांबायचे.

आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. ‘हिंमत धर,’ असे सारे सांगतात. पुढचा टप्पा कोणता, हे कोणी सांगत नाही. वडील इथे सोलापुरात यंत्रमागावर आहेत. एक कांडी संपण्यापूर्वी दुसरी भरलेली कांडी त्यांच्या हाताशी असते. मग बी.ए. नंतरचा विचार आम्ही निकालाच्या दिवशीच का करावा? गुरुजनहो, हिंमत आमच्यापाशी आहे. वाट आखायला तेवढी शिकवा.

— द्वितीय वर्ष, कला