होडीही ठोकून घ्या!

‘होडीतलं बायकांना काय कळतं?’ कोकण किनाऱ्यावर हे वाक्य नेहमीचंच. पण जुनी फायबरची होडी घ्यायची ठरली, की बहुतेकदा गहाण पडतात ते घरातल्या बाईचेच दागिने! मग मैत्रिणींनो, चार प्रश्न आपण का विचारू नयेत?

फायबर कुजत नाही, हे खरं. कुजतं ते त्याच्या आतलं लाकूड. इंजिन टांगतात ती मागची फळी आणि तळातले लांब दांडे अनेक होड्यांत आतून लाकडीच असतात. स्क्रूच्या भोकांतून पाणी मुरत राहतं, वरून मात्र रंग चकचकीत!

माठ घेताना आपण ठोकून बघतोच ना? तसंच इथेही. बद्द आवाज आला, तर आत लाकडाचा भुसा झालाय समजा. त्यावर नुसता रंग मारणं ही फसवणूकच. कुजकं सगळं काढून, जागा नीट वाळवून, मरीन प्लायवूड, रेझिन आणि फायबरचं कापड घालून ती पुन्हा बांधायला हवी. खर्च होतो, मान्य. पण भर समुद्रात इंजिनासकट फळी निखळली तर? होडीत आपलीच माणसं असतात, बायांनो!