भाताच्या खाचरावरील आरोप

मागील सहामाहींत निबंधाच्या तासास एका हुशार विद्यार्थ्यानें असें विधान केलें कीं, भाताच्या खाचरांतून मिथेन नांवाचा वायु निघून जगाची उष्णता वाढते, सबब भात पिकविणें हा एक अपराधच होय. वर्गांत भातशेती करणाऱ्यांचीं चार-पांच मुलें होतीं. त्यांपैकीं एकानें मान खालीं घातली. निबंधाची भाषा शुद्ध होती म्हणून मीं गुण चांगले दिले. परंतु त्या खालीं गेलेल्या मानेस उत्तर देणें राहून गेलें, तें येथें देतों.

पहिली गोष्ट ही कीं, मिथेन भात उत्पन्न करीत नाहीं व शेतकरीही करीत नाहीं. खाचरांत पाणी तुंबलें म्हणजे चिखलांतील प्राणवायु थोड्याच दिवसांत संपतो, आणि ज्यांस प्राणवायु विषासमान आहे असे सूक्ष्म जीव तेथें डोकें वर काढतात. इतर जंतूंनीं पालापाचोळा व मुळें कुजवून तयार केलेल्या पदार्थांवर हे जगतात. मिथेन हा जणूं त्यांचा उच्छ्वास होय. दिसावयास ते बॅक्टेरियासारखे, परंतु त्यांचें कुळ अगदीं निराळें, हें इ. स. १९७७ मध्यें अमेरिकेंतील कार्ल वूज व जॉर्ज फॉक्स ह्यांनीं दाखवून दिलें. वायु मात्र त्याच्या दोनशें वर्षें आधींच ओळखीचा झाला होता. ज्याच्या नांवावरून विजेचा ‘व्होल्ट’ आला त्या व्होल्टानें १७७६ सालीं इटलींतील मॅजोरे सरोवराच्या कांठचा चिखल ढवळून वर येणारे बुडबुडे धरले, व तो वायु पेटतो असें पाहिलें. खाचरांत बुडबुड्यांची वाट थोडी, भाताच्या देठाची मोठी. मुळांस हवा पोंचविणाऱ्या त्याच पोकळ नळ्यांतून बहुतेक मिथेन वर येतो.

आतां दुसरी बाजू, जी निबंधांत मुळींच नव्हती. त्याच खाचरांत, मुळांच्या भोंवतीं व चिखलाच्या पातळ वरच्या थरांत, जेथें थोडा प्राणवायु पोंचतो तेथें, मिथेन खाणारे जंतु राहतात, व खालून येणाऱ्या वायूचा मोठा भाग ते वाटेंतच फस्त करतात. अशा जंतूंचा शोध सोएन्गेन ह्या डच शास्त्रज्ञानें १९०६ मध्यें लावला. ह्यांचेच भाईबंद कोरड्या रानांत व माळांवर आहेत. हवेच्या दहा लक्ष भागांत मिथेनचे दोन भागही भरत नाहींत. तेवढ्यावर हे गरीब जीव संसार चालवितात! तरी सर्व पृथ्वीवरील जमीन मिळून वर्षास सुमारें ३ कोटी टन मिथेन ओढून घेते असा अंदाज आहे. जगांतील सारी भातशेती सोडते त्याच्या जवळजवळ बरोबरीचा. हवेंतील हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइड ह्यांवरही जमिनींतील जंतूंचा असाच हात चालतो.

इंग्लंडांत रॉथमस्टेड येथें १८४३ पासून गव्हाचें एक शेत प्रयोगासाठीं राखलेलें आहे. त्याचा एक तुकडा १८८२ मध्यें मोकळा सोडला. त्याच्या कांहीं भागांत झाडी वाढली. ह्या झाडीखालची माती शेजारच्या नांगरलेल्या व खत घातलेल्या मातीपेक्षां पुष्कळच अधिक मिथेन खाते असें आढळलें. अमोनियाचीं खतें ह्या जंतूंस बाधक होतात, आणि एकदां मोडलेली त्यांची वस्ती पुनः बसण्यास कित्येक दशकें लागतात. खताचा नत्र पिकास पुरून उरला म्हणजे दुसरे जंतु त्यापासून नायट्रस ऑक्साइड करतात. वजनास वजन धरलें तर तो कर्बवायूच्या सुमारें २७० पट उष्णता धरून ठेवतो.

आरोपासंबंधानें एक हकीकत सांगण्यासारखी आहे. परदेशी मोजमापांवरून केलेल्या एका अमेरिकन अंदाजांत हिंदुस्थानच्या भातशेतीच्या माथीं वर्षास पावणेचार कोटी टनांहून अधिक मिथेन मारलेला होता. डॉ. अशेषप्रसाद मित्र ह्यांच्या पुढाकारानें दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनें १९९१ मध्यें निरनिराळ्या प्रांतांतील खाचरांवर प्रत्यक्ष मोजणी करविली, तों आंकडा सुमारें ४० लक्ष टनांवर आला! आमच्याकडील कित्येक खाचरांत पाणी सतत उभें नसतें, व मातींत सेंद्रिय अंश कमी असतो, ही गोष्ट पहिल्या हिशेबांत धरलीच नव्हती.

४० लक्ष टन म्हणजे शून्य नव्हे, हें मी कबूल करतों. मधून मधून पाणी काढून खाचर सुकूं द्यावें म्हणजे मिथेन बराच कमी होतो, हा फिलिपाइन्समधील भात-संशोधन संस्थेचा उपाय उत्तम आहे. परंतु तो ज्याच्या हातीं पाण्याची चावी आहे त्याच्यासाठीं. कोंकणांत आषाढांत वरूनच पाणी कोसळतें, तें कोणी बंद करावें? उलट गवताळ माळास ‘पडीक’ म्हणून नांगर किंवा बुलडोझर फिरविणाऱ्यांस कोणी अपराधी म्हणत नाहीं. हा न्याय मला मान्य नाहीं. पालकांनींही जमिनीच्या व्यवहारांत ‘पडीक’ हा शब्द जरा जपून वापरावा.

येत्या श्रावणांत एका शनिवारीं आपण खाचरावर जाऊं. रुंद तोंडाची बाटली पाण्यानें भरून उपडी धरावयाची व काठीनें चिखल ढवळावयाचा. काड्यांची पेटी कोणीं आणूं नये. ती मीच आणीन. निबंध लिहिणाऱ्यानें अवश्य यावें, आणि ज्यानें मान खालीं घातली त्यानें वाट दाखवावी, कारण खाचर त्याच्याच घरचें आहे.