अरण्यातला निरोप्या

हिमाच्छादित अरण्यातील एकाकी झोपडीत राहणाऱ्या माणसास घरची खुशाली कोणी कळवावी? अलास्कात हा प्रश्न काव्यातला नव्हे, नित्य व्यवहारातला होता. महाराष्ट्राच्या साडेपाच पट विस्ताराचा तो प्रदेश; तेथील बहुतेक दूरच्या खेड्यांना रस्ता नाही आणि अंतर्भागात हिवाळ्याचा पारा शून्याखाली ४० अंशांपर्यंत उतरतो. अशा मुलखात, फेअरबँक्सनजीकच्या नॉर्थ पोल नामक छोट्या गावी, १९६७ साली नेल्सन या मिशनरी दांपत्याने के. जे. एन. पी. हे ख्रिस्ती नभोवाणी केंद्र उभारिले. (गावाचे नाव फसवे आहे, खरा उत्तर ध्रुव तेथून अडीच हजारांवर किलोमीटर दूर!) केंद्राच्या नावातील अक्षरांत ‘राजा येशू, नॉर्थ पोल’ ही घोषणाच गुंफिलेली आहे. हेतू लपविलेला नाही, एवढे तरी आम्हांस आवडले.

त्या हेतूशी मात्र आमचे मतैक्य नाही. अलास्कातील मूळ जमातींची नृत्ये नि भाषा मिशनऱ्यांनी एके काळी निषिद्ध ठरविली, हे विसरून त्या कार्याची स्तुती करणे आम्हांस शक्य नाही.

तथापि या केंद्राचा ‘ट्रॅपलाइन चॅटर’ हा रात्रीचा कार्यक्रम आम्हांस विचारात पाडतो. फासे लावून शिकार करणारे शिकारी ज्या वाटेने फिरतात, ती ट्रॅपलाइन. जेथे दूरध्वनी नाही तेथील माणसांसाठी त्यांच्या आप्तेष्टांचे निरोप या कार्यक्रमात वाचून दाखवीत. बाळंतपण सुखरूप झाले, विमान उद्यावर गेले, असल्या निरोपांत धर्ममताचा प्रश्न उद्भवतोच कोठे? मध्यम लहरी रात्री फार लांबवर पोहोचतात. त्यात केंद्राचे प्रक्षेपणही शक्तिशाली!

सेवा हे धर्मांतराचे आमिष, असा आक्षेप वाचक घेतील. तो सर्वस्वी निराधार आहे, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्याच्या पत्नीचे दिवस भरले आहेत, तो रात्री त्या यंत्रापाशी कान लावून बसतो, तेव्हा त्याला वाचणाऱ्याचा पंथ आठवत असेल काय? नारदांच्या गादीवर उभे राहून आम्ही आयुष्यभर सहस्रांशी बोललो. त्यांतल्या एकाला त्याच्या घरची वार्ता सांगण्याचा प्रसंग क्वचितच आला. त्या केंद्राने तो रोजचा परिपाठ केला, याचा आम्हांस किंचित हेवा वाटतो.

आता उपग्रहांमुळे रानातही ज्याचा निरोप त्याला परस्पर मिळू लागला आहे. सोय मोठीच झाली. पूर्वी मात्र एका घरी पाळणा हलला की ती वार्ता, कोणाचेही नाते नसताना, साऱ्या रानाला ऐकू जाई.