भाकरीच्या जागी पुडा



कापूस वेचणीच्या दिवसांत बाई भल्या पहाटे घराबाहेर पडते. भाकरी थापायला वेळ कुठला? पोराच्या हातात बिस्किटाचा पुडा येतो. दोष तिचा नाही. पण त्या पुड्यात असते काय, हे आम्हीही फार उशिरा वाचले. शेतकी कॉलेजात आम्ही पिकाचे पोषण शिकलो, माणसाचे नाही.

मैदा, साखर, पामतेल, इन्व्हर्ट सिरप, इमल्सिफायर, वासाची द्रव्ये. यातली निम्मी नावे कोणत्याही चुलीशेजारच्या डब्यांत सापडायची नाहीत. ब्राझीलच्या साओ पावलो विद्यापीठातील कार्लोस मोन्तेरो यांनी २००९ साली यावरच बोट ठेवले. दळण, डाळ, पोहे हीदेखील प्रक्रियाच. तिच्याशी भांडण नाही. भांडण आहे ते कारखान्यात धान्य फोडून, त्यात रंग-वास घालून पुन्हा उभ्या केलेल्या मालाशी.

नुकसान नुसत्या साखर-तेलाचे असेल, असे आम्हालाही वाटे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने वीस माणसांना चार आठवडे दवाखान्यात ठेवून २०१९ साली निकाल छापला. दोन आठवडे कारखान्याचे अन्न, दोन आठवडे साधे. ताटात वाढलेली साखर, चरबी, मीठ सारखेच. पोटभर खायची मुभा. कारखान्याच्या अन्नावर तीच माणसे रोज सुमारे पाचशे कॅलरी जास्त खाऊन गेली, वजन जवळपास किलोभर वाढले. साध्या अन्नावर तेवढेच उतरले. खाण्याचा वेगही जास्त होता. भाकर चावावी लागते, बिस्किट चहात विरघळते!

देशात दहा कोटींवर लोकांना मधुमेह आहे, असे आयसीएमआरच्या पाहणीतून २०२३ साली पुढे आले. सगळा दोष पुड्याचा नाही, पण साहेबांचा रोग म्हणून हसण्याचे दिवस गेले. गोळी सुरू झाली की ती जन्माची, आणि तिचा खर्च कापसाच्याच पट्टीतून निघतो.

बंदी घाला असे आम्ही म्हणणार नाही. बंदी काय करते ते कांदेवाल्यांनी २०२३ साली पाहिले. पाकिटावर समोरच, ठळक मराठीत काय ते छापा, एवढेच मागणे.

आणि आपल्या बैठकीत चहाबरोबर बशीत काय असते? पुडाच. पुढच्या बैठकीला ज्वारीच्या लाह्या आणि फुटाणे आम्ही आणतो. शेंगदाणे कोण आणणार ते कळवा.