उद्यापन कर्ज काढून? मी तरी करणार नाही



आज थोडे कडू लिहिणार आहे. ज्यांना राग येईल त्यांनी खुशाल यावा, पण शेवटपर्यंत वाचावे.

2023 च्या भाद्रपदात माझ्या दशलक्षण व्रताला दहा वर्षे पूर्ण झाली. उद्यापन ठरले. विधान, तीनशे माणसांचे जेवण, प्रत्येकाला स्टीलचा डबा. माझ्याजवळ साठवलेले 80,000 होते, खर्च निघाला दोन लाखांच्या वर. पुण्याहून मुलाचा फोन, "आई, काळजी करू नकोस, मी पर्सनल लोन काढतो."

त्याच आठवड्यात मी त्याच्याकडे गेले होते. तेल, सिलिंडर, नातवाची फी, सगळेच वाढलेले. मी सुनेला म्हटले, "निदान घराचा हप्ता तरी वाढला नाही, बरे आहे." तीही म्हणाली, "हो ना आई." पण मी पडले 1982 ची बी.कॉम. मी म्हटले, बँकेचे स्टेटमेंट काढ बघू. काढले, आणि दोघी गप्प झालो. दोन वर्षे हप्ते भरून झाले होते आणि शिल्लक महिने सुरुवातीपेक्षा जास्त होते!

हे कसे होते ते समजून घ्या. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 टक्क्यांवरून साडेसहावर नेला. आपली बहुतेक घरकर्जे बदलत्या दराची. दर चढला की बँक अनेकदा हप्ता तोच ठेवते आणि मुदत लांबवते. तीस लाखांचे कर्ज, वीस वर्षे, सात टक्के, तर हप्ता साधारण 23,260. तोच हप्ता ठेवून दर नऊ टक्के केला तर कर्ज फिटायला अडतीस वर्षे लागतात. वहीत मांडून बघा, पहिल्याच महिन्यात 22,500 नुसते व्याज आहे. मुद्दलात जातात साडेसातशेच्या आसपास. इतकी मुदत बँकही देत नाही, मग कधीतरी हप्ता वाढवतेच. आणि आम्ही काय म्हणत होतो? हप्ता वाढला नाही, बरे आहे!

अशा घरावर माझ्या पुण्यासाठी आणखी एक कर्ज? बारा टक्के धरले तरी दोन लाखांना तीन वर्षे महिना 6,600 च्या वर. ते कोण भरणार, तर दूध आणि भाजी मोजून घेणारी माझी सून. मी उद्यापन रद्द केले.

बोलणी खूप ऐकली. जाऊबाई म्हणाल्या, "धर्मात काटकसर करतात का?" मंदिरात एकीने तर विचारले, मुलाचे बरे चालले नाही का? मला हे विचारायचे आहे की परिग्रहाचे परिमाण करताना आपण शेत, घर, सोने, धान्य सगळे मोजतो. मग कर्ज का मोजत नाही? बँकेच्या पैशाने आणलेले तीनशे डबे हा परिग्रह नाही तर काय? शास्त्रात यथाशक्ती म्हटले आहे. त्या शक्तीत बँकेची शक्ती धरलेली नाही. माइकवरून सवाल घेतात आणि वर्षभर पैसे भरत नाहीत, त्याबद्दल तर न बोललेलेच बरे.

आणि उद्यापनाची ऐपत नसेल तर तेच व्रत दुप्पट काळ करावे, ही सोय आपल्या व्रतविधीतच दिलेली आहे. ती वाट आपण विसरलो, कारण त्या वाटेवर डबे वाटता येत नाहीत.

माझे 80,000 आम्ही थेट मुद्दलात भरले. बदलत्या दराच्या घरकर्जावर आगाऊ रक्कम भरायला दंड लागत नाही, हे कित्येकींना ठाऊकच नसते. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने नियमच केला, की दर बदलला तर हप्त्यावर आणि मुदतीवर काय परिणाम होतो ते बँकेने कळवायचे, आणि हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला ठरवू द्यायचे. मुलाने अर्ज देऊन हप्ता वाढवून घेतला. दोन वेळा बाहेरचे जेवण आणि एक सहल गेली, सूनबाईने कुरकुर केली नाही असे नाही. 2025 मध्ये दर उतरू लागले, जूनपर्यंत रेपो साडेपाचवर आला, तेव्हा मुलगा खूश, की आता हप्ता कमी करून घेऊ. या वेळी सूनच म्हणाली, हप्ता तोच राहू दे, महिने कमी करा.

"पैशाचे सगळे ह्यांनाच माहीत" असे म्हणणाऱ्या मैत्रिणींनो, तुमच्या घराच्या कर्जाचे किती महिने राहिलेत? आज रात्री विचारा. उत्तर "बघून सांगतो" असे आले, तर शेजारी बसून बघायला लावा.

माझ्या व्रताचे यंदा बारावे वर्ष झाले. आठ राहिली. गुडघे दुखतात, पण एकभुक्त जमते अजून.